पान्याला मार्क किती?

शाळेत हातकाम शिकवा असे म्हटले की सभेत पहिला सवाल हमखास येतो. साहेबांची पोरे इंजिनिअर होणार आणि आमच्या पोरांनी शाळेतही खुरपेच धरायचे काय? सवाल रास्त आहे. १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली गेली तेव्हापासून तो विचारला जातो आहे, आणि कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले करून मार्क घेतलेली पिढी तर आपणच आहोत.

पण शेतकरी भावांनो, पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ म्हणून आपल्यासारखेच कोरडवाहू गाव आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे राहायला गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम काढला. त्यांचे म्हणणे सरळ होते. माणूस काम करता करता शिकतो. शाळेने काम तेवढे काढून टाकले. आठवी ते दहावीच्या पोरापोरींनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, मातीपरीक्षण, जनावरांचा खुराक, हिमोग्लोबिनची तपासणी ही कामे करायची, आणि केलेले काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे. १९८७ मध्ये राज्याच्या मंडळाने या विषयाला मान्यता दिली. म्हणजे पान्यालाही मार्क मिळाले. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे.

यात खुरपे धरणारा मजूर तयार होत नाही. खांबाचा माल काढताना घनफळ येते, मोटारीचा फ्यूज निवडताना वीज कळते. फळ्यावर जे पोर गप्प बसते ते इथे बोलू लागते.

आता आपल्या पिकाचे बघा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसे गेली. दोष अनेकांचा. पण एकरी २०० मिली औषध सांगितले, तर आपल्या पंपाला किती घालायचे, हा हिशेब गावात किती जणांना येतो? आठवीच्या वर्गात कधीही न वापरलेला कोरा पंप आणि साधे पाणी द्या. नोझलखाली मापाचे भांडे धरून मिनिटाला किती पाणी पडते ते मोजू द्या, एकराला किती पंप लागतात ते काढू द्या. दहा लागले तर पंपाला २० मिली, आठ लागले तर २५. त्रैराशिक म्हणतात ते हेच. ज्वारीचे शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवले ते मोजणे हाही असाच प्रकल्प, पेरणीच्या आधी घरच्या बियाण्याची परीक्षा घेणारा. ७५ च्या खाली उगवण असेल तर बाप पोराचे ऐकेल.

गावागावाचे काम वेगळे. कोकणात म्हसळा-श्रीवर्धनकडे ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने पत्रे, कौले उडाली, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. म्हसळ्याच्या शाळेत पत्रा वाऱ्याला टिकेल असा कसा जखडायचा हाच विज्ञानाचा धडा असायला हवा. तिथे कपाशीचा पंप काय कामाचा?

दिल्लीला हे आता पटले आहे म्हणे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकायचे आहे. दहा दिवस! एवढ्यात बैलही जुवाला सरावत नाही. २०१६ पासून अटल प्रयोगशाळांना शाळेमागे २० लाखांपर्यंत अनुदान आहे. यंत्रांना आमचा विरोध नाही, पाबळलाही आधुनिक यंत्रे आहेत. पण निवडक शाळांतल्या रोबोने बाकीच्या शाळांतल्या पोरांचे काय होणार?

म्हणून येत्या जिल्हा बैठकीत मागणी एवढीच ठेवू. प्रत्येक माध्यमिक शाळेत आठवड्याला एक पूर्ण दिवस, परीक्षेत त्याचे मार्क, आणि शिकवायला गावातलाच फिटर, वायरमन, गवंडी, रोजची मजुरी बुडणार नाही एवढ्या मानधनावर. मुलींना शिवण आणि मुलांना वेल्डिंग अशी वाटणी आम्हाला मान्य नाही. शाळा समितीत आपलीच माणसे आहेत. ठराव ग्रामसभेतून लिहून आणा.