पाठीतल्या पाण्याची साक्ष

क्षयाच्या मेंदूज्वरात मुलाच्या पाठीतून काढलेलं पाणी बहुधा नितळ दिसतं. नळी काही तास तशीच उभी ठेवली की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा धरतो. जंतू मात्र सूक्ष्मदर्शकाखाली क्वचितच सापडतो आणि कल्चरला कित्येक आठवडे लागतात. तेवढ्यात पेशंट हातचा जातो. म्हणून नागपूरच्या बजाजनगरातल्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. हातीम दागिनावाला आणि डॉ. राजपालसिंह कश्यप यांच्या चमूने जंतूऐवजी त्याची प्रथिनं शोधली. या पाण्यात 30 किलोडाल्टनचं एक प्रथिन त्यांच्या हाती लागलं. ते ‘अँटिजेन 85’ या गटातलं.

हा गट जंतूचं मेणचट कवच बांधतो. त्यातला काही भाग कवचावर राहतो, बराचसा बाहेर पाझरतो. लसीसाठी शास्त्रज्ञांची नजर त्यावर गेली ती उगाच नव्हे. पण 2013 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या 2,797 बाळांवरच्या चाचणीचा निकाल लागला. बीसीजी घेतलेल्या बाळांना या गटातल्या ‘85 ए’ प्रथिनावर बेतलेली लस वरून दिली, तरी जास्तीचं संरक्षण काही मिळालं नाही. तेव्हापासून या प्रथिनाबद्दलचा उत्साह ओसरला.

हे प्रथिन लसीच्या कामाचं नाही, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. लहान मुलांना मेंदूज्वरापासून बऱ्यापैकी वाचवते ती बीसीजीच, आणि ती या बाळांना आधीच मिळालेली होती. मेंदूपर्यंत पोचलेल्या जंतूला कोणतं प्रथिन ओळखून अडवायचं, हा प्रश्न त्या चाचणीने विचारलाच नव्हता. 2024 मध्ये सुरू झालेली ‘एम72’ या क्षयाच्या लसीची मोठी चाचणीही मुख्यतः फुप्फुसाचा क्षयच मोजते. तो खोकल्यातून पसरतो, तेव्हा ते रास्तच आहे. पण पोराची दृष्टी जाते, अंग लुळं पडतं, ते मेंदूज्वराने. हा आजार त्या मानाने कमी जणांना होतो, त्यामुळे त्याचा वेगळा हिशेब लावायला कुठलीही चाचणी अपुरीच पडणार.

मग पुरावा रुग्णाच्या पाठीतल्या पाण्यातूनच घ्यायला हवा. नव्या लसीत कोणती प्रथिनं घालायची हे ठरतं, तेव्हा विदर्भातल्या रुग्णांच्या या तपासण्या टेबलावर असल्या पाहिजेत. निदानासाठी उभं राहिलेलं नागपूरचं हे काम लसीसाठी पुढे न्यायला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्वतंत्र पैसा द्यावा, आणि तोही एका वर्षापुरता नको.