बेशुद्ध रुग्णाला साखरपाणी नको
रक्तातील साखर घसरून बेशुद्ध पडलेल्या मधुमेहीच्या तोंडात साखरपाणी ओतावे, ही गेल्या अंकातील पत्रातली सूचना जिवावर बेतणारी आहे. ते श्वासनलिकेत उतरून श्वास गुदमरू शकतो. १५ ग्रॅम ग्लुकोज तोंडाने द्यायचे ते शुद्धीवर असलेल्यालाच. बेशुद्ध रुग्णाला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरी रक्तातील साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन असल्यास प्रौढाला १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन द्यावे. मात्र उपाशीपोटी मद्य घेतलेल्यांत ते कमी पडते, कारण ते ज्यातून साखर सोडवते तो यकृतातील साठाच आटलेला असतो. तेथे शिरेतून ग्लुकोज हाच उपाय. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांमुळे साखर उतरली असेल, तर शुद्ध आल्यावरही ती पुन्हा घसरू शकते. अशा रुग्णाला, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असल्यास, रुग्णालयातच देखरेखीखाली ठेवावे.