पेटीला हात लावू नको



मी सुर्ल्याचा, असं सांगितलं की इथे बंगळुरूत हमखास प्रश्न येतो, "म्हणजे ते जुनं महादेवाचं देऊळ आहे तिथले का?" नाही हो. ते तांबडी सुर्ला, जंगलातलं, कदंबकाळातलं. आमचं सुर्ला डिचोली तालुक्यात, साखळीच्या बाजूला, खाणींच्या पट्ट्यात. पर्यटकांनी बघायला यावं असं तिथे फारसं काही नाही. ऐकायला मात्र आहे. श्रावणातलं भजन.

गोव्यात वास्कोचा दामोदर सप्ताह सर्वांना ठाऊक असतो, पण श्रावणात गावोगावच्या देवळांतही अखंड भजन चालतं. आमच्याकडे चोवीस तास. दुपारी समई लागली की दुसऱ्या दुपारपर्यंत टाळ-झांज थांबता कामा नये. म्हणून वाड्यावाड्याने वेळ वाटून घेतलेली. आमच्या वाड्याच्या वाट्याला पहाटे दोन ते चार. डोळ्यांवर झोप असते, पण नंतर वर्षभर आठवते तीच वेळ.

यंदा बऱ्याच वर्षांनी रजा काढून गेलो. देवळात पोचलो तर आमच्या वाड्याची माणसं मोजून सहा. पखवाजावर माझे काका, वय 71. सर्वांत तरुण गायक 52 वर्षांचा. माझ्या लहानपणी याच वेळेला बसायला जागा नसायची, आम्ही पोरं खांबाला टेकून उभे असायचो.

"खंय आशिल्लो इतलीं वर्सां?" बुवांनी विचारलं. इतकी वर्षं कुठे होतास? मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर मला माहीत होतं.

लहानपणी मी बालभजनी पथकात पेटी वाजवायचो. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेत पुरुष, महिला आणि बालकलाकार असे वेगळे गट असतात, त्यामुळे मुलांना तयार करणं गावोगावी मनावर घेतलं जातं. पण बालगटाचं वय संपलं की मधली पायरीच नाही. थेट काका-आजोबांच्या मांडीला मांडी. तिथे माझ्या हातात झांज आली. सोळाव्या वर्षी एकदा सराव सुरू व्हायच्या आधी सहज पेटी उघडली, तर मागून आवाज आला, "पेटीला हात लावू नको." रागावून नव्हे, अगदी साधेपणाने. मी वर्षभर झांज वाजवली. मग फर्मागुडीला इंजिनियरिंग सुरू झालं आणि 'अभ्यास' हे कारण आयतंच मिळालं.

गावात विचाराल तर मुलं का येत नाहीत याची दोन उत्तरं मिळतात. एक मोबाईल. दुसरं खाण. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक उभे राहिले, पोरं कामासाठी बाहेर पडली. हे खरंच आहे. पण जी गावातच राहिली ती तरी कुठे येतात? माझा चुलतभाऊ देवळापासून पाच मिनिटांवर राहतो. रोज रात्री मोबाईलवर ट्रॅक लावून गातो, गोड गातो. भजनाला का येत नाहीस, विचारलं तर म्हणाला, "बारा वर्षं झांज वाजवली रे. एकदा तरी अभंग म्हण म्हणाले असते तर आजही गेलो असतो."

तिकडे वेल्समध्येही असंच झालं. कोळशाच्या खाणींच्या गावांत खाणकामगारांची मोठमोठी गायनपथकं असत. खाणी बंद पडल्या, पथकं राहिली, पण गाणारे म्हातारे होत गेले. मग 2010 मध्ये तिथे 'ओन्ली बॉईज अलाउड' नावाचं फक्त किशोरवयीन मुलांचं पथक उभं राहिलं आणि दोनच वर्षांत 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट'मध्ये तिसरं आलं. मुलांना गायचं नव्हतं असं नाही. त्यांच्या वयाची जागा नव्हती.

हे मी काकांना उत्साहाने सांगितलं. ते पखवाजाला कणीक लावत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला कोणी शिकवलं? आम्हीच ना? शिकवलं आणि तू गेलास. तुझ्यासारखे आणखी दहा गेले. दरवेळी नव्याने कोणाला शिकवायचं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही म्हणतो, जागा दिली नाही म्हणून गेलो. ते म्हणतात, जाणाऱ्याला जागा कशी द्यायची? दोघंही खरं बोलतात आणि मधल्या मध्ये पहाटेच्या वेळेला सहाच माणसं उरतात.

तीनच्या सुमारास पेटीवाल्यांची पाठ धरली. त्यांनी काही न बोलता पेटी माझ्याकडे सरकवली. हात बसलेला नव्हता, दोन ठिकाणी सूर चुकला, एकदा समेवर पोचायला उशीर झाला. काकांनी लय थोडी उतरवली आणि मला सांभाळून घेतलं. कोणी वळून पाहिलं नाही. चार वाजता दुसऱ्या वाड्याची माणसं येऊन बसली तेव्हा लक्षात आलं, की पाऊण तास मी घड्याळ बघितलं नव्हतं.

चहा पिताना दोन गोष्टी ठरल्या. पुढच्या वर्षीपासून आमच्या वेळेतले दोन अभंग पस्तिशीच्या आतल्यांनी म्हणायचे, चुकले तरी. आणि आम्ही बाहेरगावच्यांनी येणार की नाही ते महिनाभर आधी कळवायचं, कळवलं की यायचंच. जमेल का, पुढच्या श्रावणात कळेल.

पण मंडळी, खरी गोष्ट परतीच्या बसमध्ये आठवली. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात गेली आठ वर्षं पेटीवर मीच बसतो. आपल्यातला दहावीतला एक मुलगा दोन वर्षं विचारतोय, "दादा, मी वाजवू का?" मी दोन्ही वेळा त्याच्या हातात टाळ दिले. "आधी ऐक, मग बघू," असंही म्हणालो. अगदी साधेपणाने.

यंदा पहिल्या दिवसाची पेटी त्याची. सराव रविवारी संध्याकाळी. त्या दिवशी टाळ मी वाजवीन.