नागपूरचे अँग्लिकन बिशपपद आणि आपले वऱ्हाड

3 ऑक्टोबर 2025 रोजी कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले. त्या पदासाठी निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री, त्यामुळे बातमीचा भर तेथेच राहिला. त्याच बातमीतील दुसरा तपशील मात्र मागे पडला. एका आयोगाने निवडलेले नाव पंतप्रधानांमार्फत राजाकडे गेले आणि राजाच्या संमतीनंतर जाहीर झाले. बिशपच्या नेमणुकीत राजाचे काय काम, असा प्रश्न आपल्याला पडेल. वऱ्हाडाला तो अगदीच परका नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, 1813 च्या सनदी कायद्याने भारतासाठी अँग्लिकन बिशपपद निर्माण झाले. 1814 साली टॉमस मिडलटन कलकत्त्याचे पहिले बिशप झाले. छावण्यांतील आणि सिव्हिल स्टेशनांतील चॅप्लेन हे सरकारी पगारी नोकर होते. त्यांच्यासाठी सरकारचे स्वतंत्र धर्मखातेच होते.

नागपूरला अँग्लिकन बिशप मिळाले ते 1903 मध्ये. आयर्लंडचे एअर चॅटर्टन हे त्यापूर्वी हजारीबागच्या मिशनमध्ये काम करीत होते. त्यांच्या धर्मप्रांतात मध्य प्रांत, वऱ्हाड, मध्य हिंदुस्थान आणि राजपुताना एवढा अफाट मुलूख येत होता. गोंडवनाचा इतिहास लिहिणारे हे अभ्यासू गृहस्थ या भूमीविषयी उदासीन होते असे म्हणता येणार नाही. पण कालयोग पाहा. 1902 च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड ब्रिटिशांना कायम पट्ट्याने दिला होता. 1 ऑक्टोबर 1903 पासून त्याचा कारभार मध्य प्रांताकडे गेला, आणि अचलपूरच्या छावणीत ज्या हैदराबाद कंटिंजंटचे सैन्य राहत असे, ते कंटिंजंटही त्याच सुमारास ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाले. बिशप आले आणि ज्यांच्यासाठी वऱ्हाडात चॅप्लेन लागत, ते लष्कर निघून गेले!

अकोला, अमरावती, खामगाव या भागांतील मराठी प्रॉटेस्टंट बांधव मुख्यतः अमेरिकन अलायन्स मिशनच्या कार्यातून पुढे आले. त्यांच्या मंडळ्यांत बिशपपदच नव्हते. त्यामुळे वऱ्हाडापुरते अँग्लिकन बिशपपद प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांच्या प्रार्थनेची सोय म्हणूनच राहिले. चांद्याकडे चित्र वेगळे होते. तेथे स्कॉटिश मिशनचे काम स्थानिक लोकांत रुजले, आणि तेथेच राबलेले अलेक्स वुड 1926 मध्ये नागपूरचे बिशप झाले.

1927 च्या कायद्याने आणि 1 मार्च 1930 पासून भारतातील अँग्लिकन ख्रिस्तसभा इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने विभक्त झाली. बिशप कोण असावा हे येथील सभासदांनी ठरवायचे, हा खरा बदल तेव्हापासूनचा. 1957 मध्ये नागपूरचे आसन जॉन सादिक यांच्याकडे आले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा ख्रिस्तसभांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तीही नागपुरातच.

हे वाचताना आपण कॅथलिकांनी फार आत्मसंतुष्ट होऊ नये. आपल्याकडे पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो होताच. 1928 च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावेत असे ठरले होते. आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी भारतीय व्यक्तीसाठी वाट मोकळी करून दिली आणि 1950 मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस त्या पदावर आले. त्याच वर्षी पोर्तुगालनेही आपला हक्क सोडला. नागपूरचे कॅथलिक धर्मपीठ 1887 चे, म्हणजे अँग्लिकन पीठाहून सोळा वर्षांनी जुने. तरी युजीन डिसोझा यांच्या रूपाने भारतीय बिशप तेथे 1951 मध्येच आले.

8 मे 1955 रोजी अमरावती धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा झाला. पहिले बिशप जोसेफ रोझारिओ यांनी 1995 पर्यंत, तब्बल चाळीस वर्षे, हा भार वाहिला. 1977 मध्ये याच धर्मप्रांतातून औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण झाला. एका मेंढपाळाला एवढा सलग काळ मिळणे हे वऱ्हाडाचे भाग्यच. त्यानंतरचे बिशप मात्र तुलनेने लवकर इतरत्र पाठविले गेले. 2018 मध्ये बिशप इलायस गोन्साल्विस नागपूरचे आर्चबिशप म्हणून नियुक्त झाले, आणि पुढे काही वर्षे अमरावतीचे आसन रिक्त राहिले.

आसन रिकामे झाले की धर्मप्रांताच्या सल्लागार मंडळाने आठ दिवसांत प्रशासक निवडावा असा नियम आहे. दैनंदिन काम अडत नाही. परंतु रिक्त काळात प्रशासकाने काही नवे सुरू करू नये, असेही तोच कायदा सांगतो. लांबलेल्या प्रतीक्षेची खरी किंमत ती आहे.

नव्या नावाची शिफारस पोपमहोदयांच्या राजदूतांमार्फत रोमला जाते. योग्य वाटल्यास त्यांनी सुज्ञ प्रापंचिकांचेही मत गुप्तपणे आणि व्यक्तिशः घ्यावे, अशी तरतूद आहे. अँग्लिकन बांधवांना मत आहे, आपल्याला फार तर पत्र. मतदानाबरोबर गटबाजीही येते, म्हणून मला मतपेटीचा फारसा मोह नाही. पण ती पत्रे कोणाकडून मागविली जातात? पुढच्या वेळी मेळघाटातील एखाद्या कोरकू शिक्षकाला किंवा अकोल्याच्या धर्मग्रामातील एखाद्या परिचारिकेला कोणी विचारील काय?