गच्चीवरचं ऊन आणि बिलावरचं नाव

मैत्रिणींनो, 'आपणही सोलर बसवून टाकू या' हे वाक्य हल्ली बहुतेक घरांत एकदा तरी उच्चारलं जातं. मग एके रविवारी कंपनीचा माणूस येतो. दिवाणखान्यात यजमान आणि सासरे त्याच्याशी बोलतात, आणि आपण चहा नेऊन देतो. दीड-दोन लाखांचा व्यवहार ठरतो. तो बरेचदा आपली मुदतठेव मोडून किंवा आपल्याच बांगड्यांवर कर्ज काढून. पण घरात वीज कुठे किती जळते, पाण्याचा पंप किती वेळ चालतो, इस्त्री कधी होते, हे जिला नेमकं ठाऊक असतं तिला मात्र कुणी काही विचारत नाही. म्हणून आज जरा या विषयाची उलटतपासणी करू. पुढच्या खेपेला चहाचा ट्रे टेबलावर ठेवा आणि तुम्हीही तिथेच बसा.

आधी सरकार काय देतं ते पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' आणली. एक कोटी घरांच्या छपरांवर वीज तयार व्हावी असा तिचा उद्देश आहे, त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि ती २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आखलेली आहे. एक किलोवॅटच्या संचाला ३०,००० रुपये अनुदान, दोन किलोवॅटला ६०,०००, तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,०००. त्यापुढे कितीही मोठा संच घ्या, अनुदान वाढत नाही. हे लक्षात ठेवा, कारण विकणारा माणूस पाच किलोवॅटच सुचवतो!

'मुफ्त' या शब्दावर जाऊ नका. कंत्राटदाराचे पैसे आधी आपण द्यायचे (किंवा बँकेचं कर्ज घ्यायचं), संच सुरू होऊन तपासणी झाली की मग अनुदान आपल्या खात्यात जमा होतं. शिवाय वापर शून्यावर आला तरी बिलातला स्थिर आकार राहतोच. 'बिल शून्य येईल' असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर 'स्थिर आकार धरून का हो?' असं शांतपणे विचारा.

संच केवढा घ्यावा? मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. रुपये पाहू नका, युनिट पाहा. एक किलोवॅटचा संच आपल्याकडे सरासरीनं रोज चार युनिटच्या आसपास वीज देतो, म्हणजे महिन्याला शंभर-सव्वाशे. दीडशे युनिटपर्यंत वापर असेल तर एक ते दोन किलोवॅट, तीनशेपर्यंत असेल तर दोन ते तीन पुरेत. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. मोकळी म्हणजे सावली नसलेली. शेजारचा नारळ, पाण्याची टाकी, जिन्याची खोली यांची सावली सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला कुठवर येते ते स्वतः वर जाऊन पाहा. एका पट्टीवर सावली पडली तरी तिच्याबरोबर जोडलेल्या इतर पट्ट्यांची वीजही कमी होऊ शकते.

महाराष्ट्रात महावितरणच्या घरगुती दराच्या पायऱ्या आहेत: शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, मग पाचशेपर्यंत तिसरा. वरची पायरी फार महाग. त्यामुळे ज्या घरात साडेतीनशे-चारशे युनिट जळतात तिथे संचाचे पैसे लवकर फिटतात. तुमचा वापर ऐंशी-नव्वद युनिटच असेल, तर घाई नको. बांगड्या हातातच राहू द्या.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती गोष्ट. गच्चीवर सोलर आहे म्हणजे वीज गेल्यावरही घरात दिवे राहतील, असं बऱ्याच जणींना वाटतं. तसं नाही. साधा, बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली की आपोआप बंद पडतो, मग वर रणरणतं ऊन का असेना. रस्त्यावरच्या तारेवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही सोय केलेली असते, आणि ती योग्यच आहे. वीज गेल्यावरही पंखा हवा असेल तर बॅटरी लागते, आणि तिचा खर्च वेगळा.

मग दिवसा जास्त झालेली वीज जाते कुठे? ती तारेतून बाहेर जाते आणि नेट मीटरवर आपल्या नावे जमा होते. उन्हाळ्यात पापड-कुरडयांची बेगमी करून आपण पावसाळा काढतो, तसंच हे. एप्रिल-मे महिन्यांत साठलेली युनिटं जुलै-ऑगस्टच्या झाकोळात वापरायची. पण ही बेगमी मार्चअखेरपर्यंतच. आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्या युनिटांचे वीज कंपनी पैसे देते, आणि ते आपण देतो त्या दरानं नव्हे, पुष्कळ कमी दरानं. गरजेपेक्षा मोठा संच घेऊ नये तो यासाठीही.

इथवर हिशेब झाला. आता बिलावरच्या नावाचं सांगते, कारण पुष्कळ घरांत गाडी तिथेच अडते. अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं यांवरचं नाव जुळावं लागतं. आपल्याकडे कितीतरी बिलं अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावानं येतात, कारण भरणाऱ्याचं काही अडत नाही! नाव बदलायचा अर्ज आधी करावा लागतो, वारसांची संमती लागते, आणि मग जाऊबाई, दीर, नणंद सगळ्यांना गच्चीची आठवण होते. पैसे देण्यापूर्वी हे मिटवून घ्या. आणि नाव बदलायचंच आहे तर ते तुमचं का असू नये? घर तुमच्याही नावावर असेल आणि पैसे तुमच्या ठेवीतले जात असतील, तर मीटर तुमच्या नावावर करून घ्यायला काही हरकत नाही. अनुदान मग तुमच्याच खात्यात येईल.

तुम्ही म्हणाल, सरकार एवढे पैसे देतंय तरी का? २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत भारतानं सांगितलं की २०३० पर्यंत ५०० गिगावॅट क्षमता कोळसा-तेलाविना उभी करू, आणि २०७० पर्यंत नक्त उत्सर्जन शून्यावर आणू. त्याआधी २०२२ पर्यंत छपरांवर ४०,००० मेगावॅट बसवण्याचं ठरलं होतं, त्यातलं निम्मंही झालं नाही. म्हणून ही नवी योजना. जून २०२५ मध्ये देशाच्या एकूण क्षमतेतली निम्मी कोळशाविना झाली, अशी बातमी आपण वाचली. बातमी खरी आहे, पण क्षमता म्हणजे शेगड्या. ओट्यावर निम्म्या शेगड्या नव्या आल्या तरी स्वयंपाक कुठल्या शेगडीवर किती झाला ते वेगळं. २०२४-२५ मध्ये प्रत्यक्षात जळलेली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. सूर्य मावळतो आणि आपण दिवे लावतो, तिथे घोडं अडतं.

यावर उपाय म्हणून २०२३ साली केंद्रानं वेळेनुसार दराचा नियम केला. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना उन्हाच्या वेळी वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग, असं त्याचं सूत्र आहे. कागदावर उत्तम! पण दुपारी बाराला धुलाईयंत्र लावायला घरी असतं कोण? जी नोकरीला जाते तिची कणीक, मिक्सर, इस्त्री सगळं संध्याकाळी सातनंतरच. १९८० च्या दशकात सरकारनं अनुदान देऊन सूर्यचुली वाटल्या होत्या, आठवतं? काळा डबा, वर आरसा. भात सुरेख व्हायचा. पण डबा सकाळी आठला भरून द्यायचा आणि सूर्यचूल दुपारी शिजवणार. कितीतरी सूर्यचुली माळ्यावर गेल्या. योजना आखताना बाईच्या घड्याळाकडे कुणी पाहत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

ती मांडायची जागा आहे. विजेचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी जनसुनावणी घेतो. साध्या ग्राहकालाही तिथे लेखी हरकत देता येते, बोलता येतं. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. इथे तर एका कागदावर काम भागतं. महिला मंडळानं मिळून एक अर्ज केला तरी चालेल.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भगिनींना वाटेल, आमची गच्ची कुठे? तक्रार रास्त आहे. ज्याला स्वतःचं छप्पर आहे त्यालाच या योजनेचा मोठा लाभ होतो. तरी सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी संच बसवला तर किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. वार्षिक सभेत विषय काढा. महिन्याच्या देखभाल खर्चात फरक दिसेल.

बसवायचं ठरलंच तर कंत्राटदार योजनेत नोंदवलेलाच हवा आणि पट्ट्या भारतात बनलेल्या, नाहीतर अनुदान मिळत नाही. पाच वर्षांची देखभाल त्याच्याकडून लेखी घ्या. धूळ आणि कबुतरांची घाण सकाळी लवकर, काच थंड असताना साध्या पाण्यानं धुवायची. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका. सांगाडा माणूस खाली उभा राहील इतका उंच करून घेतला तर खर्च थोडा वाढतो, पण खाली कपड्यांच्या दोऱ्या राहतात. वाळवणाला मात्र ऊनच लागतं. तेव्हा माप घ्यायला माणूस येईल त्या दिवशी तुम्हीही वर जा, आणि दोन चटया मावतील एवढी उन्हाची जागा आधीच खडूनं आखून ठेवा.