पाण्याखालील यतना

दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीस जाणारी कुटुंबे हल्ली स्नॉर्केलिंग वा स्कूबा डायव्हिंगचाही आनंद घेतात. दुकानात कापडाचा पोत बोटांनी पारखणारा व्यापारी तेथे मात्र हाती येईल तो मास्क चढवतो, हे उचित नव्हे.

पोहण्याचा साधा चष्मा डुबकीस चालत नाही, कारण त्यात नाक बाहेर राहते. खोल जाताना पाण्याचा दाब वाढतो. तेव्हा नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडून तो दाब समतोल करावा लागतो. अन्यथा डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटू शकतात. संपूर्ण चेहरा झाकणारा स्नॉर्केलिंगचा मास्कही स्कूबासाठी वापरू नये.

काच टेम्पर्ड व कडा मऊ सिलिकॉनची असावी. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप योग्य. कडेखाली केस वा मिशा आल्यास पाणी झिरपते. चष्मा असणाऱ्यांनी नंबराच्या काचांचा मास्क मागावा.

स्पष्ट दिसले, तर पाय प्रवाळावर पडत नाही. प्रवाळ हा निर्जीव दगड नव्हे, ती सजीवांची वसाहत आहे. ज्या घरात पाणी गाळून पितात, त्या घराची यतना समुद्रातही सुटू नये.