आधी नोंद, मग यंत्र

औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरवावी, हा वैद्यकाचा जुना दंडक आहे. परंतु सारख्याच वजनाच्या दोन मुलांपैकी एकास जे औषध तारते तेच दुसऱ्यास मारक ठरू शकते, हे आनुवंशशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. हिवतापावरील प्रायमाक्वीन हे औषध जी-६-पी-डी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या मुलाच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. रक्ताच्या कर्करोगावरील मर्कॅप्टोप्युरिनची नेहमीची मात्रा एनयूडीटी-१५ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या बालकाच्या अस्थिमज्जेस सोसत नाही. आणि हा बदल युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत अधिक आढळतो.

प्रत्येक मुलाची प्रत्येक चाचणी करणे खर्चाचे आहे. म्हणून रुग्णालयांतील जुन्या नोंदी संगणकास शिकवून, कोणत्या मुलाची चाचणी आधी करावी हे त्याच्याकडून वदवून घेण्याचे प्रयत्न पाश्चात्त्य देशांत चालू आहेत. ही कल्पना स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की, पारोळ्याच्या मुलाचे काय?

यंत्र नोंदींवर शिकते. आणि आमच्या तालुक्यांतील मुलाची नोंद म्हणजे बहुधा आईने पिशवीत घडी करून ठेवलेला औषधाचा कागद! पारोळ्यात एक कागद, धुळ्यास दुसरा, जळगावास तिसरा. परदेशी मुलांच्या नोंदींवर पोसलेले यंत्र अशा मुलाविषयी मौन पाळील, आणि ते मौनच निर्धोकपणाचा दाखला मानले जाईल, हे आमचे भय आहे.

साधने नाहीत असेही नाही. 'जिनोम इंडिया' प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस उपलब्ध करून दिली. १ जुलै २०२३ रोजी आरंभलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचा संकल्प सोडला. खानदेशातील भिल्ल व पावरा वस्त्यांत हा रोग अपरिचित नाही. मग त्या तपासणीसाठी मुलाचे रक्त घेतलेच आहे, तर त्याच वेळी जी-६-पी-डीचीही परीक्षा का होऊ नये? तिचा निष्कर्ष आईबापांच्या संमतीने नोंदवावा, तो गुप्त राहावा, आणि उद्या मुलीच्या लग्नात तो कलंक म्हणून पुढे येऊ नये, याची हमी मात्र शासनाने दिली पाहिजे.

यंत्र येईल तेव्हा येवो. ग्रामीण रुग्णालयात मुलाची एक अखंड नोंदवही असणे, ही त्याची पूर्वतयारी आहे. आणि तिला कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.